पहिल्या थराचं गणित

संपदा पाष्टेने आपल्या नवऱ्याला भर पथकासमोर अंगचोर म्हटलं, तेव्हा तिच्याकडे पुरावा होता. हीच खरी अडचण. पुराव्याशिवाय बायका नवऱ्यांना वाटेल ते म्हणतात आणि संध्याकाळी दोघं एकाच ताटलीतली भजी खातात. पण समोर स्क्रीनवर आकडे असले की आपलं चुकू शकतं हे माणसाला आठवतच नाही, आणि संपदा तर आकड्यांवरच पोट भरणारी बाई.

भांडुपच्या डोंगरउतारावरचं अष्टभुजा गोविंदा पथक पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात सराव करायचं. गुरुपौर्णिमेला नारळ फोडायचा आणि सराव सुरू करायचा तो थेट गोकुळाष्टमीपर्यंत, ही पद्धत जुनी. नवा होता तो सदरा. काही वर्षांपूर्वी थर कोसळून लागोपाठ अपघात झाले आणि सरकारने नियम केला: सातांहून जास्त थर लावायचे तर प्रत्येक गोविंदाच्या अंगात भारसदरा हवा आणि खाली परवाना असलेला थरगणक हवा. भारसदरा म्हणजे अंगाला घट्ट बसणारी बंडी. तिच्या विणीत केसासारखे बारीक तंतू असतात आणि खांद्यावर, पाठीवर, कमरेवर किती दाब पडतोय ते ते कळवत राहतात. थरगणकाने ते आकडे बघायचे आणि चढू द्यायचं की उतरवायचं ते ठरवायचं. त्याने लाल बटण दाबलं की सगळ्यांचे सदरे एकदम थरथरतात आणि गोविंदा गुमान खाली येतात. अष्टभुजाची थरगणक संपदा. एरवी ती पवईच्या एका कंपनीत पुलांची आणि धरणाच्या दरवाजांची गणितं करायची. पथक माहेरचं, म्हणून हे जास्तीचं काम तिने अंगावर घेतलं होतं.

गणित तसं जुनंच. पूल असो की माणूस, आख्खी वस्तू एका समीकरणात मावत नाही. म्हणून संगणकात तिचे लाखो बारके तुकडे करायचे. एकेका तुकड्याचा स्वभाव साधा असतो: इतकं ओढलं की इतका ताणतो, इतकं दाबलं की इतका दबतो. मग ते तुकडे एकमेकांना जोडायचे, लाखो समीकरणं एकदम सोडवायची आणि कुठे किती ताण आहे ते वाचायचं. पूर्वी ह्याला तासन् तास लागत. आता संगणक प्रत्येक गोविंदाचं शरीर आधीच शिकून ठेवतो. ते कोणकोणत्या तऱ्हेने वाकू शकतं तेवढंच लक्षात ठेवतो, बाकीचं सोडून देतो, आणि पापणी लवायच्या आत सगळ्या थरांचं उत्तर पुढ्यात ठेवतो. हाडांचा स्कॅन दिला तर एकेका मणक्याचंही.

आणि प्रश्न मणक्याचाच होता. संपदाचा थोरला भाऊ दिगंबर घाडी हा सगळ्या डोंगराचा दिगूदादा. मिसरूड फुटल्यापासून तो पहिल्या थराच्या मधोमध उभा राहत आला होता. त्याच्या उजव्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा तुषार, संपदाचा नवरा. वरच्या थरातला मुख्य गडी एक पाय दादाच्या खांद्यावर आणि दुसरा तुषारच्या खांद्यावर टेकायचा, आणि बाकीचा सगळा डोलारा त्याच्या वर. ह्या वर्षी दादाची कंबर धरली. स्कॅन काढला तर कमरेच्या एका मणक्यात बारीक भेगा निघाल्या. संपदाने तो मणका गणितात घातला. उत्तर असं आलं: दादा आज भाराचा जेवढा वाटा घेतो तेवढाच नऊ थरांच्या वेळी घेतला, तर मणका दबून बसेल आणि पुढे दादा आपल्या पायांनी चालेल की नाही ह्याची खात्री नाही. मात्र दोन खांद्यांवर सारखा भार आला, तर मणक्याला काही होणार नाही. आणि भार सारखा नव्हता. दादावर तुषारच्या जवळजवळ दुप्पट होता.

"दादा, ह्या वर्षी तू बाहेर राहा," संपदा म्हणाली होती.

"मला काय झालंय? कंबर तर सगळ्यांचीच दुखते."

पथकाचे प्रशिक्षक बाळा मास्तर लगेच मध्ये पडले. "दिगू नाही तर नऊ नाही, संपदा. बुंधा काढून झाड उभं कर म्हणतेस तू."

"मग भार सारखा करा. तो झाला नाही तर माझी सही मिळणार नाही. नऊला नाही आणि आठलाही नाही."

तर त्या रविवारी सकाळी सात थर लावून उतरवले, सगळे गोविंदा घाम पुसत लॅपटॉपभोवती जमले आणि संपदाने समजावून सांगायला घेतलं. भार नेहमी ताठ माणसाकडे जातो. जो जरासा लवतो, त्याच्या वाटचा शेजाऱ्याकडे सरकतो.

"मग लवतंय कोण?" मास्तरांनी विचारलं.

स्क्रीनवर दोन पट्टे शेजारीशेजारी होते, एक उंच, एक बुटका. बुटक्या पट्ट्याखाली नाव लिहिलेलं होतं.

"मी?" तुषार म्हणाला. "मी लवतो?"

"आकडे सांगतायत. गेल्या वर्षीचेही काढून पाहिले, तेव्हाही हेच. अंगचोरपणा आहे हा, तुषार. माझ्या भावाची कंबर गेली त्यात."

दादा बुटांच्या नाड्यांशी चाळा करत राहिला. तुषारने सदरा काढला, नीट घडी घातली आणि लॅपटॉपच्या शेजारी ठेवला.

"घे," तो म्हणाला. "आकड्यांनाच घाल." आणि उघड्या अंगानेच उतार उतरून गेला.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही, भांडण परवडलं असतं. "चहा ठेवलाय," "गॅसवाला येऊन गेला," "तुझा फोन वाजतोय," एवढ्यावर त्या घराचा कारभार चालला होता. संपदाला वाईट वाटत होतं, पण चुकल्यासारखं वाटत नव्हतं. बोलायला नको होतं सगळ्यांसमोर, एवढंच तिला मान्य होतं.

तुषारच्या जागी मास्तरांनी कुणाल सावंतला उभं केलं. कुणाल म्हणजे व्यायामशाळेत मुक्काम ठोकलेला गडी, खांदे दाराच्या चौकटीत तिरके करून न्यावे लागतील असे. सात थर चढले, उतरले. संपदाने पट्टे पाहिले. दादाचा उंच, कुणालचा बुटका. तुषारच्या वेळेपेक्षा फरक नाही म्हणायला हरकत नाही.

"कुणालपण अंगचोर का?" कोणीतरी मागून विचारलं.

तिने सदरे बदलले. कुणालचा दादाला, दादाचा कुणालला. आकडे जागचे हलले नाहीत. मग तुषारच्या जागी तिसराच माणूस उभा करून पाहिला. तरी तेच.

आता तिला जे आठवायला हवं होतं ते आठवलं, आणि ते आठवताना कान गरम झाले, कारण हाच धडा ती कंपनीत नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवायची. तीन पायांच्या तिपाईचं गणित सोपं असतं. कुठल्या पायावर किती भार हे वजन सांगतं, पाय किती ताठ ते बघावं लागत नाही. चार पायांच्या टेबलाचं तसं नाही. तिथे एक पाय केसभर लांब असला तरी भार त्याच्याकडे पळतो. पण नुसता भार मोजून हे कधीच कळत नाही की हा पाय लांब आहे की शेजारचा आखूड. दोन्हींचे आकडे सारखेच दिसतात. तिला आकड्यांनी एवढंच सांगितलं होतं की दादा आणि तुषार ह्यांच्यात फरक आहे. दोष कोणाचा, हे तिने स्वतःच्या पदरचं घातलं होतं. ताठ उभा राहणारा माणूस चुकत असेल, हे अष्टभुजातल्या कोणाच्याही डोक्यात आलं नसतं. तिथे ताठपणाचीच आरती ओवाळतात.

तिने जुन्या सरावांची नोंद सावकाश पुढे सरकवत पाहिली. वरच्या गड्याचा पाय टेकायच्या जरा आधीच दादाचा उजवा खांदा वर उचलला जात होता. दर वेळी, न चुकता, आणि फक्त उजवा, तुषारच्या बाजूचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दादाच्या पिठाच्या गिरणीत गेली. गिऱ्हाईक नव्हतं, चक्की बंद होती. दादा भिंतीला पाठ टेकून उभाच होता. हल्ली बसून उठायला त्याला त्रास व्हायचा.

"दादा, उजवा खांदा उचलतोस तू."

"कुठे?"

"थरात. वरचा चढायच्या आधीच."

दादाने फडकं घेतलं आणि चक्कीवरचं पीठ पुसायला लागला. पुसून झालेली जागा परत पुसली.

"तुझ्या लग्नाच्या वर्षी भावोजी पहिल्यांदा शेजारी उभे राहिले," तो म्हणाला. "ऑफिसात बसणारा माणूस. हौसेने आले बिचारे. वर माणसं चढायला लागली. म्हटलं, ह्यांना काही झालं तर संपीला तोंड कसं दाखवायचं? म्हणून जरासा खांदा वर घेतला. मग पुढच्या वर्षीपण घेतला. आता तर मला कळतही नाही मी घेतो ते."

"कुणाल उभा होता तेव्हाही घेतलास."

"जागा भावोजींची आहे ना ती. खांद्याला काय कळतंय कोण उभं आहे?"

"आणि मी त्याला चारचौघांत अंगचोर म्हटलं, तेव्हा मूग गिळून बसलास!"

"मग काय सांगायला हवं होतं? की भावोजी, तुमचं ओझं इतकी वर्षं मी वाहतोय?" दादाने फडकं झटकलं. "ते जास्त वाईट, संपे."

ते किती वाईट हे संपदाला त्याच संध्याकाळी कळलं. तुषार स्वयंपाकघरात मेथी निवडत बसला होता. तिने समोर बसून आधी स्वतःची चूक सांगितली, सरळ, काही न लपवता. तुषारचा चेहरा उजळला. मग तिने उरलेलं सांगितलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "लग्न झाल्यापासून मी तिथे नुसता शोभेला उभा आहे."

"तसं नाही रे."

"कसं नाही? दरवर्षी हंडी फुटली की मी ऑफिसात छाती काढून फिरतो. सात थर, आठ थर, पहिल्या थरात मी. माझ्या खांद्यावर, म्हणून सांगतो सगळ्यांना." त्याने मेथीची जुडी बाजूला सारली. "अंगचोर म्हणालीस ते परवडलं, संपदा. अंगचोराच्या अंगात निदान ताकद तरी असते."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. मग उठून हात धुतले आणि विचारलं, "सदरा कुठे आहे माझा?"

तुषार परत आला तो वेगळाच माणूस होऊन. मैदानात पाय ठेवताच दादाला म्हणाला, "दादा, ह्या वर्षी माझं मी घेणार." दादा "बरं" म्हणाला. मनातून त्याला ते पटलं असेल असं कोणालाच वाटलं नाही.

सहा थर चढले आणि मनोरा थरथरायला लागला. आधी बारीक, मग वाढत वाढत. संपदाने लाल बटण दाबलं, सगळे घाईने उतरले. परत लावले, परत तेच. मास्तर कपाळाला हात लावून बसले. दोघंही पूर्वीपेक्षा मन लावून उभे होते आणि मनोरा पूर्वीपेक्षा वाईट हलत होता.

संपदाने स्क्रीनवरची रेघ पाहिली, करवतीच्या दातांसारखी, प्रत्येक दात आधीच्यापेक्षा मोठा. हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, पण माणसांत नाही. धरणाच्या दरवाज्याच्या गणितात पाणी दरवाज्याला ढकलतं, दरवाजा सरकतो. दरवाजा सरकला की पाण्याचा प्रवाह बदलतो, आणि ते नव्याने ढकलतं. संगणकाने एकदा पाण्याचं गणित करायचं, एकदा दरवाज्याचं, आणि दर फेरीला एकाची चूक दुसऱ्याने सुधारायची. पण प्रत्येकाने दुसऱ्याची चूक पुरती सुधारायचा हट्ट धरला की उत्तर ह्या टोकाहून त्या टोकाला उड्या मारतं आणि शेवटी कोसळतं. इथेही तेच चाललं होतं. तुषार ताठ झाला की दादाला हलकं लागायचं, हलकं लागलं की दादा खांदा उचलायचा. मग तुषारला हलकं लागायचं, आणि तो आणखी ताठ व्हायचा. दोन भल्या माणसांची ओढाताण, आणि वर लोक लटकलेले.

त्यावरचा उपाय मात्र सोपा आहे. दर फेरीला जेवढी दुरुस्ती करावीशी वाटते तिच्या निम्मीच करायची. घाई न केलेलं उत्तर आपोआप जागेवर येऊन बसतं.

"दोघांनी ऐका," ती म्हणाली. "शेजाऱ्याचं काही चुकतंय असं वाटलं, तर जेवढं सावरावंसं वाटतं त्याच्या निम्मं सावरायचं. मग थांबायचं. मग परत निम्मं."

"निम्मं म्हणजे किती?" दादा म्हणाला. "मी काय तराजू आहे?"

"मनात आलं त्याच्या निम्मं."

"मदतसुद्धा निम्मी करायची असते, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय."

तुषारला मात्र ते लगेच जमलं. दादाला जमायला सराव संपत आला. कधी पट्टे शेजारीशेजारी सारखे यायचे, कधी दादाचा मध्येच उसळायचा. शेवटच्या रविवारी आठ थर लागले आणि पट्टे चढल्यापासून उतरेपर्यंत बरोबरीत राहिले. संपदाने सही केली. नऊ थर त्यांनी अजून एकदाही लावले नव्हते, आणि लाल बटण दाबावं लागलं तर दादाचं पथकातलं उभं राहणं त्या दिवशीच संपणार, हे तिने दोघांनाही सांगून ठेवलं.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या एका चौकात त्यांची पाळी आली. ढोल थांबले. पहिल्या थराने एकमेकांच्या दंडांत दंड अडकवले, माना खाली घातल्या. बाहेरच्या घेराने त्यांच्या पाठीला हात लावले. ज्यांच्यावर सगळं उभं राहतं त्यांना वरचं काही दिसत नाही. त्यांना दिसतात शेजाऱ्याचे पाय. संपदा मंडपाच्या खांबाशी लॅपटॉप घेऊन उभी होती, बोट बटणावर, कानातल्या इअरफोनमध्ये पहिल्या थराचे आवाज, आणि त्यांच्या कानांत तिचा.

पाच झाले. सहा. पट्टे बरोबरीत. सातवा थर उभा राहताना मनोरा जरासा डावीकडे झुकला, आणि दादाचा खांदा उठला.

मणक्याची रेघ हिरव्यातून पिवळ्यात गेली.

"दादा, निम्मं," संपदा म्हणाली.

रेघ खाली येईना. आठवा थर बसून होता, उठण्याच्या तयारीत. तो उठला की पिवळ्याचं लाल होणार. आत्ता बटण दाबलं तर दादा चालता राहील, पण पुन्हा कधी इथे उभा राहणार नाही. न दाबलं आणि तो तसाच अडून राहिला, तर काय होईल हे तिनेच गणित करून काढलं होतं. तिचं बोट बटणावर टेकलं. तिचा भाऊ होता तो. ती दाबणारच होती.

तेवढ्यात कानात तुषारचा आवाज आला, दबलेला, धापा टाकत.

"दादा, सोडा."

"हलतंय, भावोजी."

"हलू दे. मी आहे ना."

"लागेल तुम्हाला."

"मग लागू दे की! माझा खांदा आहे तो!"

मग दादाचा पट्टा किंचित खाली आला. थांबला. परत किंचित खाली आला. तुषारचा वर चढला, थोडा डगमगला आणि बसला. दोन्ही पट्टे एका उंचीवर आले आणि रेघ हिरव्यात उतरली. संपदाने बोट उचललं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि स्क्रीन पुसट दिसत होती, पण हिरवा रंग ओळखायला तेवढं पुरेसं होतं.

आठवा थर उठला. वरची सडपातळ मुलगी, जिला पथकात एक्का म्हणतात, नवव्यावर उभी राहिली आणि तिने हंडीवर नारळ आपटला. दही, पाणी, चौकातल्या लोकांचा आरडाओरडा, सगळं एकदम खाली आलं.

पथक नाचायला गेलं तेव्हा दादा आणि तुषार फुटपाथच्या कडेला बसलेले तिला सापडले. दादा पाय पसरून बसला होता, अंगावर दही ओघळत होतं.

"दुखतंय का, दादा?"

"नाही ना. तेच तर." तो आपल्याच खांद्यावर हात फिरवून बघत होता. "संपे, नऊ थर म्हणजे एवढंच वजन असतं होय? मला वाटायचं, किती असतं."

शेजारी तुषारला दोन्ही हात खांद्याच्या वर उचलता येत नव्हते. कोणीतरी आणून दिलेला पाण्याचा ग्लास त्याने मान खाली वाकवून तोंडाला लावला होता आणि अर्धं पाणी छातीवर सांडत होतं.

"एवढंच काय, दादा?" तो म्हणाला. "उरलेलं माझ्यावर होतं!"

एवढा खूश तो संपदाला लग्नातही दिसला नव्हता.